कडूबाभाऊंचा बूस्ट

सिडकोत खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. ट्रंक घेऊन जिना चढल्यामुळं मी धापा टाकत होतो. त्यांनी आपला तळहात माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "फुंका."

मी फुंकलं.

"लई लीक आहे सर. कॉम्प्रेशन नाय तुमच्यात." मग जरा विचार करून म्हणाले, "पण माणूस भरोशाचा दिसतोय. राहा."

हे कडूबाभाऊ. लासूर स्टेशनच्या शाळेत आणि पुढं कॉलेजात मला फार चांगले शिक्षक मिळाले. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, ती त्यांच्यामुळंच. पण माझा विषय इतिहास. इंजिन म्हणजे काय, हे मला कडूबाभाऊंनी शिकवलं, आणि तेही मी एकदासुद्धा न विचारता.

भाऊ मूळचे करमाडचे. शेती धाकट्या भावाकडं, स्वतः चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त. वहिनी वारलेल्या, मुलगी नाशिकला सासरी. घरात ते आणि गाडी. गाडी म्हणजे लाल, दोन दारांची, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की आत बसताना पंगतीला बसल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा ती गावी नेली, तेव्हा त्यांचे चुलते तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बाकीची मागून येतीय व्हय?"

या गाडीला भाऊंनी टर्बो बसवला होता. "सर, धूर फुकट का घालवायचा? त्याच्यावर पंखा फिरवायचा. तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याला म्हणायचं बूस्ट. ती हवा पिस्टन वर येऊन दाबतो, ते कॉम्प्रेशन. दोन्ही झकास, की गाडी उडाली समजा!"

सगळं जग त्यांनी याच मापानं मोजलेलं. सभेतल्या पुढाऱ्याबद्दल म्हणायचे, "बूस्ट लई, कॉम्प्रेशन नाय." शेजारच्या जावयाबद्दल, "दमदार आहे, पण लवकर गरम होतो." माझी बायको पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिचं भरभर बोलणं ऐकून मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, टर्बो आहे. तुम्ही ऑइल वेळेवर बदलत जा." त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

भाऊंच्या या उत्साहाला लगाम एकच, सलीमभाई. आयटीआयपासूनचे दोस्त. चिकलठाण्यात त्यांचं लेथचं वर्कशॉप. सलीमभाईंना वेगाशी देणंघेणं नव्हतं. गाडी घरी परत आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

"कित्ता दबाव डालता रे कडूबा? ऊपर से भी दबाव, अंदर से भी दबाव. इंजन है, बीवी नहीं जो सुन लेगी!"

"तुझी कधी ऐकती?"

"नहीं ऐकती. इसीलिए बोल रहा हूँ, फटेगा!"

आणि फाटायचंच. एकदा दौलताबादच्या घाटात पिस्टन फुटला. दुसऱ्यांदा जालना रोडवर, करमाडच्या फाट्यावर, नेमका चुलत्यांच्या देखत. "होती तेवढीबी गेली," म्हातारा म्हणाला.

प्रत्येक वेळी सलीमभाई शिव्या देत यायचे. वर्कशॉप बंद केलं की पिशवीत पाने घेऊन संध्याकाळी खाली गाडीच्या शेडमध्ये हजर. मग महिना-दोन महिने तिथं नुसता कल्ला. हेड उघडलेलं, दोघांचे हात काळे, चहा गार झालेला. सलीमभाईंच्या घरून नान यायचे, भाऊ पिठलं टाकायचे. आमचं जेवण वरच्या मजल्यावर त्यांच्या भांडणाच्या चालीवर व्हायचं.

तिसऱ्या वेळेला सलीमभाईंनी कुणाचं ऐकलं नाही. पिस्टनची डोकी लेथवर चढवून त्यांना बशीसारखा खोलगटपणा दिला. म्हणजे कॉम्प्रेशन कमी. टर्बोचा स्क्रूही मागं फिरवला, म्हणजे बूस्टही कमी. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. "वाघाचे दात काढले रे तू!"

"जीता तो रहेगा!"

थोड्याच दिवसांत शेंद्र्याच्या पलीकडं एका रिकाम्या मैदानावर, रीतसर परवानगी काढून, मोटारींची शर्यत होती. भाऊंनी नाव दिलं. सगळी गल्ली टेम्पोत बसून आली. इंजिन पुन्हा फुटलं असतं तर गाडी भंगारातच जाणार होती, कारण दर वेळी आतून कोरून कोरून सिलिंडरला आणखी कोरायला जागाच उरली नव्हती.

शेजारी पुण्याची काळी गाडी. झेंडा पडला. आधी नुसती गुरगुर, मग टर्बोची ती शिट्टी चढत, चढत, चढत गेली, आणि आमची लाल पंगत अशी सुटली की माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते प्राध्यापकाला शोभणारं नव्हतं. सलीमभाई मात्र डोळे मिटून उभे होते. त्यांना फक्त पिस्टन फुटण्याआधीची ठकठक येते का, ते ऐकायचं होतं.

आली नाही! काळी गाडी जरा पुढं निघाली, भाऊ दुसरे आले. पण संध्याकाळी पुण्याची गाडी दोरीनं ओढत नेली आणि आमची स्वतःच्या पायांनी घरी आली. टेम्पोतली पोरं सिडकोपर्यंत नाचत होती. सलीमभाईंनी बॉनेटचा मुका घेतला आणि ओठ भाजून घेतले.

त्यानंतर गाडी घड्याळासारखी चालू लागली. पैठणला जाऊन आली, बिडकीनला लग्नाला गेली, आणि कुठंही काही झालं नाही. शेड शांत. मी वर जेवायला बसलो की घास चावल्याचा आवाज ऐकू यायचा.

एका रविवारी भाऊ वर आले. "सर, सलीमला फोन करा. सांगा, इंजिनात आवाज येतोय."

"पण भाऊ, आवाज तर—"

"मी फोन केला होता. मला म्हणतो, गाडी मस्त आहे ना, मग काम हाय मला. तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकंल." मग खाली बघत म्हणाले, "लई भरोशाची झाली हो गाडी."

मी फोन केला. काय बोललो ते आठवत नाही, पण सलीमभाई तासाभरात आले. पिशवी आणली होती. भाऊंनी गाडी चालू केली. इंजिन तुपासारखं चाललं होतं, हे मलासुद्धा कळत होतं.

सलीमभाईंनी बॉनेट उघडलं, वाकून कान लावला. बराच वेळ लावला. मग मान वर करून भाऊंच्या तोंडाकडं पाहिलं. भाऊ भिंतीकडं बघत होते.

"हौ," सलीमभाई म्हणाले. "है आवाज. बहोत अंदर से है."

"खोलावं लागंल?" भाऊंनी विचारलं.

"पूरा." त्यांनी बाह्या दुमडल्या. "टाइम लगेगा, हाँ. जल्दी मत करना."

"मी कशाला घाई करू?" भाऊ म्हणाले आणि पिठलं टाकायला आत गेले.