वरातीच्या घोडीचं पोट

वरात निघाली की सगळे नवरदेवाकडे बघतात. आमचे शेजारी जाधव डॉक्टर घोडीच्या तोंडाकडे बघतात. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेत, पण लग्नाला येताना कापडी पिशवीत लसूणघासाची जुडी असतेच. आधी घोडीला चारा, मग वधूवरांना अक्षता. "घोड्याच्या पोटात आम्ल सारखं पाझरतं. रिकामं ठेवलं की ते पोटालाच खातं," हे पंचवटीतल्या कितीतरी पंगतींनी मठ्ठ्याबरोबर गिळलेलं आहे.

माझ्या भाच्याच्या लग्नात त्यांनी वरातच अडवली. घोडी बाळूभाऊंची, नाव चांदणी. खोगिराचा पट्टा आवळला की ती वळून चावायला बघायची. बाळूभाऊ म्हणाले, "लय नखरे करती." डॉक्टरांनी विचारलं, दाणा अर्धा टाकते का? दात खाते का? सारख्या जांभया देते का? सगळ्याला हो. खायला काय, तर सकाळी एकदाच घमेलंभर भरडा. मग दिवसभर बँडच्या दणक्यात उपाशी उभी.

"खोगीर उतरवा," डॉक्टर म्हणाले. "हिच्या पोटात जखमा असणार."

ताई रडकुंडीला आली. भावजींनी हात जोडले. बँड थांबला. डॉक्टर लगाम धरून उभेच. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, मी चालत येतो." फोटोंत नवरदेव घामाघूम आहे आणि मागे चांदणी निवांत घास चघळतेय.

पुढे डॉक्टरांनी ओळखीच्या घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी नळी घालून पाहिलं. जठरात खरंच व्रण होते. औषध सुरू झालं. पण डॉक्टरांचा भर खाण्यावर. समोर कायम सुकं गवत, भरडा कमी आणि थोडा थोडा, खोगीर घालण्याआधी घास. बाळूभाऊ कंटाळले, चिडले, शेवटी ऐकू लागले. हळूहळू चांदणी दाणा संपवू लागली, पट्ट्याला चावेनाशी झाली. तरी डॉक्टरांची रोजची फेरी चुकेना.

एका संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवायला मी तबेल्यात गेलो. डॉक्टर पालथ्या बादलीवर बसून खानावळीचा डबा खात होते. शेजारी चांदणी गवत खात होती. वहिनी गेल्यापासून त्यांना डबा येतो, हे मला ठाऊक होतं. तो उघडतात कुठे, हे ठाऊक नव्हतं.

"इथे का जेवताय?" मी विचारलं.

"एकट्याला जेवण जात नाही," ते म्हणाले. मग घाईने चांदणीकडे बोट केलं. "हिचं सांगतोय."

मी बरं म्हटलं आणि कोपऱ्यातली दुसरी बादली पालथी घालून बसलो. त्यांनी डब्याच्या झाकणात अर्धी पोळी वाढून माझ्यापुढे सरकवली.