क्लबहाउसमधली लीक इन्क्वायरी

उत्तर कॅरोलिनातल्या कॅरी गावात हुशार माणसांचा सुकाळ आहे. तरी तीक्ष्ण नजर, थंड डोकं आणि काहीही न सांगणारा चेहरा हे तिन्ही गुण एकाच ठिकाणी हवे असतील, तर संग्राम देवस्थळीला पर्याय नाही, असं संग्राम देवस्थळीचं प्रांजळ मत होतं. दिवसा तो एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा त्याला पगार मिळे. उरलेल्या वेळात तो तेच काम फुकट करी. आजवर त्याने तीन प्रकरणं हाती घेतली होती आणि तिन्ही सुटली होती. ती त्याच्या बायकोने, राधिकाने सोडवली होती, पण इतक्या बारीकसारीक तपशिलात तो शिरत नसे.

चौथं प्रकरण मात्र राजकीय होतं.

मागच्या निवडणुकीच्या वेळी शनिवारच्या नाश्त्याला, अमेरिकेच्या राजकारणावरून संग्राम आणि यतीनचं असं काही वाजलं की कॉलेजपासूनचे हे मित्र अकरा महिने एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी तोडगा निघाला. यापुढे वाद घालायचा तो फक्त ब्रिटनच्या राजकारणावर. तिथे आपली नोकरी नाही की व्हिसा नाही, तेव्हा हवं तितकं भांडता येतं. तेव्हापासून संग्राम, यतीन, यतीनची बायको पद्मिनी आणि अबोल अमेय असे चौघं दर शनिवारी एका कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये जमत. बीबीसी निःपक्षपाती आहे का, नवा पंतप्रधान टिकणार किती, यावर पोहे गार होईपर्यंत चर्चा चाले. होड्यांतून ब्रिटनमध्ये येणाऱ्या परक्यांचा विषय निघाला की मात्र आवाज जरा खाली येई, कारण बोलणारे सगळे स्वतःच व्हिसावर होते.

गेल्या शनिवारी हाउस ऑफ लॉर्ड्सचा विषय होता. एकदा बसवलेला माणूस जन्मभर बसून राहावा का? यतीन म्हणाला, "यार, लंडनला कशाला जायचं? आपल्या मराठी मंडळात कांचनमावशी नऊ वर्षं अध्यक्ष आहेत. त्यांना रिटायर करा आणि लॉर्ड्समध्ये पाठवा." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने संग्राम हसला.

रविवारी दुपारपर्यंत हे वाक्य कांचनमावशींपर्यंत पोचलं होतं. क्लबहाउसचं बुकिंग त्यांच्याच नावावर असे, कारण त्या कॉलनीत त्या राहत, चौघांपैकी कुणीच नाही. त्यांनी ते कॅन्सल केलं. यतीनने ग्रुपवर लिहिलं की आपल्यात कुणीतरी फितूर आहे, मी यापुढे येणार नाही. संग्रामने ते तीनदा वाचलं. शनिवार गेला की यतीनही जाणार, आणि पुन्हा अकरा महिने तसे काढायची ताकद त्याच्यात नव्हती.

राधिका म्हणाली, "मावशींनाच विचार ना, कोणी सांगितलं ते."

संग्रामने तिच्याकडे दयेने पाहिलं. ब्रिटनमध्ये अशी बातमी फुटली की लीक इन्क्वायरी बसते, आणि अशी चौकशी सरळ प्रश्न विचारून होत नसते. त्याने जूनच्या उकाड्यात सिनेमातल्या गुप्तहेरासारखा रेनकोट चढवला आणि तो कामाला लागला.

पहिला संशय पद्मिनीवर. रविवारी ती एक स्टीलचा डबा घेऊन मावशींच्या दारात दिसली होती. डब्यात कागदपत्रं, हे उघडच होतं. तपासाअंती त्यात रव्याचे लाडू निघाले. डबा मावशींचाच होता आणि रिकामा परत द्यायचा नसतो, इतकंच. संग्रामने पुरावा म्हणून दोन लाडू ताब्यात घेतले.

दुसरा संशय अमेयवर. तो चर्चेत कधी तोंड उघडत नसे, नुसता फोनमध्ये बघे. म्हणजे टिपून घेत असणार. अमेयने शांतपणे फोन पुढे केला. तो ग्रीन कार्डचं स्टेटस बघत होता. गेली बारा वर्षं बघत होता. संग्रामने त्याला एक लाडू दिला.

स्वतःला त्याने चारित्र्याच्या आधारावर आधीच वगळलं होतं. उरलं फक्त यंत्र. क्लबहाउसच्या छतावर एक गोल डबी हिरवी लुकलुकत असे. गुप्त मायक्रोफोन! गुरुवारी दुपारी संग्राम खुर्चीवर चढला आणि त्याने ती फिरवून काढली. डबी धुराचा अलार्म निघाली. भोंगा वाजला, सात मिनिटांत अग्निशमन दलाचा बंब आला, आणि पाठोपाठ समोरच्या घरातून कांचनमावशी आल्या. रेनकोटातल्या माणसाची ओळख जवानांना त्यांनीच पटवून दिली.

बंब गेल्यावर संग्रामने नाइलाजाने तो सरळ प्रश्न विचारला. "मावशी, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"तूच की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन दाखवला.

ऑफिसच्या सवयीने संग्राम नाश्त्याचंही कॅलेंडर इन्व्हाइट पाठवी, आणि बुकिंगसाठी त्यात मावशींचं नाव घाली. महिन्यापूर्वी, एकही धागा सुटू नये म्हणून, त्याने फोनवर मीटिंगची टिपणं काढणारं एआय ॲप टाकलं होतं. ते टिपणं काढी आणि इन्व्हाइटवरच्या सगळ्यांना मेल करी. मेल बाकीच्यांनाही गेली होती. पण संग्रामची मेल उघडायची त्या गटात पद्धत नव्हती.

मेलमध्ये लिहिलं होतं : 'निर्णय – कांचन यांना निवृत्त करून लॉर्ड्समध्ये पाठवणे. जबाबदारी – यतीन. अनुमोदन – संग्राम, दीर्घ हास्यासह.'

"थट्टेचं काही नाही रे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. "दर जानेवारीत मी निवडणुकीचा फॉर्म मेल करते. नऊ वर्षांत एकाने भरलेला नाही. लंडनमध्ये कोण जाणार, कोण येणार, ते तुम्हाला पाठ. इथली मेल उघडवत नाही."

संग्रामला रेनकोटात आणखीच घाम फुटला. तो फॉर्म त्यानेही कधी उघडला नव्हता, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटली. अशा वेळी सभ्य ब्रिटिश माणूस जे करतो ते करायचं त्याने ठरवलं.

"मावशी, मी राजीनामा देतो."

"कशाचा?"

 मावशींनी पर्समधून मंडळाच्या स्टोअररूमची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "राजीनामा द्यायचा तर आधी पद हवं ना? आजपासून अध्यक्ष तू. आता खुशाल दे."

शनिवारी बुकिंग परत झालं. मावशी पहिल्यांदाच नाश्त्याला आल्या आणि दोनदा पोहे घेऊन बीबीसीवर सगळ्यांहून कडक बोलल्या. फितूर ते ॲप होतं हे कळल्यावर यतीनही आला. संग्रामजवळची खुर्ची ओढून त्याने विचारलं, "काय अध्यक्षमहाराज, किती वर्षं बसणार?"

"एक दिवसही नाही," संग्राम म्हणाला. निवडणुकीचा फॉर्म त्याने त्याच सकाळी सगळ्यांना मेल केला होता.

ती मेल अजून कुणी उघडलेली नाही.