खारातले स्क्रू

मीनाताईंच्या माहेरच्या सहा बरण्यांपैकी चार बरण्या नंदकिशोररावांनी बळकावल्या, त्यांत मिठाचं पाणी भरलं आणि प्रत्येकीत दोऱ्याला बांधून एकेक स्क्रू सोडला, तरी मीनाताई ‘हे काय चाललंय?’ एवढंही म्हणाल्या नाहीत. नंदकिशोररावांना हेच खटकलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या बाईने रुमालाच्या घडीवरूनसुद्धा त्यांना धारेवर धरलं होतं.

माघात लेक जाई लग्न होऊन नागपूरला गेली आणि नेरूळच्या त्या दोन खोल्यांमधला आवाजच गेला. मीनाताई मूळच्या दिवेआगरच्या. गॅलरीतून खाडी दिसते असं नंदकिशोरराव कौतुकाने दाखवायला गेले, तर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “खाडी ती खाडी. समुद्र वेगळा.” तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हिला घरात समुद्र आणून द्यायचा. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, त्यात नारंगी मासे. बायको पुन्हा बोलती व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती, पण ती बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

टाकी तयार होऊन वरच्या मजल्यावर राहणाऱ्या खलीलभाईंच्या, खाली रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात, गोणपाटाखाली लपून बसली होती. अडलं होतं ते झाकण. झाकणात दिवा, म्हणजे बिजागऱ्या आल्या, स्क्रू आले आणि खाऱ्या पाण्याशी गाठ आली. नंदकिशोरराव पंपाच्या कारखान्यात तपासनीस. ते काडेपेटीसुद्धा तपासल्याशिवाय घेत नसत.

“स्टेनलेस घ्या ना, मग काय टेन्शन नाय,” खलीलभाई म्हणाले. “पन एक सांगतो साहेब, स्टेनलेस पन कदी ना कदी डाग धरतो. आमच्या श्रीवर्धनला दाराची कडी टिकत नाय. खारी हवा काय पन खाते.”

“पुराव्याशिवाय मी मानत नाही,” नंदकिशोरराव म्हणाले. म्हणून त्या चार बरण्या. एकीत साधं लोखंड, दुसरीत जस्त चढवलेलं, तिसरीत पितळ आणि चौथीत स्टेनलेस. गॅलरीत त्या मीनाताईंच्या खारातल्या कैऱ्यांच्या दोन बरण्यांशेजारी बसल्या. सगळ्यांच्या तोंडाला तसंच पांढरं फडकं, तसाच लाल दोरा. ओळखायला चिठ्ठ्या होत्या, पण नंदकिशोररावांनी त्या डिंकाऐवजी भाताच्या शितांनी चिकटवल्या होत्या. चिमण्यांनी तो भात तीन दिवसांत संपवला आणि चिठ्ठ्या वाऱ्याबरोबर गेल्या. तरी बिघडलं नसतं. पण परीक्षेत अन्याय नको, सगळ्यांना सारखं ऊन मिळावं, म्हणून ते रोज सकाळी सहाही बरण्या एकेक जागा पुढे सरकवत असत. हिशेब डोक्यात होता, आणि डोकं बायकोच्या काळजीत होतं.

पंधराव्या दिवशी, रविवारी, ते चौथी बरणी उराशी धरून दुकानात गेले. करावे गावचा देवजी होडीसाठी खिळे घ्यायला आला होता. टाकीसाठी खोल समुद्रातलं पाणी डब्यांत भरून आणायचं त्याने कबूल केलं होतं.

“बघा आता,” म्हणत नंदकिशोररावांनी फडकं सोडलं आणि दोरा चाचपायला हात घातला. हाताला लागली ती कैरी.

खलीलभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. “साहेब, ही कंच्या ग्रेडची?”

“ही तं कैरी हाय,” देवजीने निर्वाळा दिला.

एवढ्यात खलीलभाईंच्या पत्नी बुशराभाभी दुसरी बरणी घेऊन दुकानाची पायरी चढल्या. मागोमाग कावऱ्याबावऱ्या मीनाताई. बुशराभाभींच्या सुनेला, समराला, सातवा महिना होता. खारातल्या कैरीवाचून तिला घास जात नव्हता, म्हणून मीनाताईंनी सकाळीच एक बरणी वर पोचवली होती.

“पानी लाल दिसलं. आमाला वाटलं, तिखट टाकलंय,” बुशराभाभी म्हणाल्या. “पोरीनं दोरा खेचला, तर हे आलं.” त्यांनी गंजून लाल झालेला स्क्रू वर धरला.

“चाखलं का तिने?” नंदकिशोररावांनी घाईने विचारलं.

“नुसतं बोट लावलं. मीठ बरोबर आहे म्हनाली.”

“डॉक्टरनं तिला लोह घ्यायला सांगितलंय,” खलीलभाई म्हणाले, “पन गोळीतून.”

मीनाताई मात्र हसल्या नाहीत. “लोकांच्या लेकीसुनांच्या जिवाशी खेळ झाला असता,” त्या म्हणाल्या. चार महिन्यांत त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य होतं. “कारखाना घरी कशाला आणलात?”

नंदकिशोररावांनी बरणीचं फडकं पुन्हा बांधायला घेतलं. त्यांच्याच्याने खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना.

“कारखान्याचा स्क्रू नाय तो, वयनी,” देवजी म्हणाला. “टाकीचा हाय. तुमच्यासाठी दर्या घरात आनतान ते. पानी मीच देनार हाय.”

खलीलभाईंनी गोणपाट ओढलं. मीनाताई त्या रिकाम्या टाकीजवळ गेल्या. काचेवरून हात फिरवला आणि पदराने डोळे पुसले.

“मग ही अजून रिकामी का?”

“झाकणाला बिजागरी कुठली लावायची, ते ठरत नाहीये. सगळंच गंजतं गं.”

मीनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या बरणीकडे.

“माझ्या आजीच्या वेळची बरणी आहे ही. जन्मभर खारच साठवलाय तिने. बिजागरी दिसतेय कुठे?”

तीस वर्षं तपासनिसी केलेल्या माणसाने बरणी चहूबाजूंनी तपासली. तिला बिजागरी नव्हती.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला टाकी भरली. वर नुसती काच ठेवलेली, दिवा भिंतीवर. समराच्या कैऱ्या तिच्याकडे पोचल्या होत्या. संध्याकाळी नंदकिशोरराव वर्तमानपत्राआड बसले असताना त्यांना बोलणं ऐकू आलं. मीनाताई माशांशी बोलत होत्या. जाईच्या नागपुरातल्या उन्हाबद्दल, दिवेआगरच्या सुरूंबद्दल आणि एका माणसाबद्दल, ज्याने बायकोच्या चार बरण्या नासवल्या पण तोंडातून एक शब्द काढला नाही. अर्धा तास झाला तरी नंदकिशोररावांनी पान उलटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी घसा खाकरला. “काच नीट बसलीय ना?”

“बसलीय,” मीनाताई म्हणाल्या आणि शेजारचा पाट पुढे सरकवला. “आता तुम्हीपण बसा.”