साबण जमत नाहीये

"दिल्लीच्या थंडीत साबणाच्या नादाला लागू नकोस, मृणाल. खोबरेल थिजतं. फसशील," असं आईने पुण्याहून फोनवर बजावलं, तेव्हा मृणालने ते 'स्वेटर घाल, कान बांध'च्या रांगेत नेऊन बसवलं. मयूर विहारातलं तिचं हे पहिलंच हळदीकुंकू. वाण म्हणून घरी केलेला साबण देणार, असं ती इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना आधीच सांगून बसली होती. आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार.

साबण महिनाभर मुरायला लागतो, म्हणून डिसेंबरअखेरचा धुक्याचा मुहूर्त धरला. छोट्या लेकाला, निहारला झोपवून, हातमोजे आणि चष्मा चढवून, खिडक्या सताड उघडून तिने खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकत्र घोटलं. मिश्रण बघता बघता दाट झालं. इतकं लवकर! तिने खुशीत ते साच्यात ओतलं.

दोनतीन दिवसांनी कापायला गेली तर वरून दगड, आणि सुरी घालताच आतून पाण्याचे ओघळ. एक थेंब मनगटावर उडाला आणि ती नळाकडे पळाली. मनगट धुता धुता मंडळाच्या समस्त बायका हात खाजवत तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आईने फोनवर 'टाकून दे' म्हणून हात झटकले. साचा घोंगडीत गुंडाळून तिने बाल्कनीतल्या उंच फळीवर ठेवला, आणि साबण करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर घाईघाईने लिहिलं:

'काही केल्या जमत नाहीये. वरून कडक, पण आतून पाणीच पाणी. हात लावला की चटका. आई म्हणते टाकून दे. पण इतकी मेहनत घेतलीय! अजून एकदा तापवून बघू का?'

निहार उठून रडायला लागला होता. त्या गडबडीत हे गेलं ते साबणाच्या ग्रुपवर नाही, तर 'मयूर विहार मराठी भगिनी' या ग्रुपवर. फोन सोफ्यावर पडला आणि मृणाल खिचडी भरवण्याच्या लढाईवर रुजू झाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मंडळाच्या अध्यक्ष वासंतीकाकू, धापा टाकत.

"कुठे आहे तो?" त्यांनी चप्पल न काढताच विचारलं.

बातमी इतक्यात पोचली कशी, हा प्रश्न मृणालला पडलाच नाही. साबणासाठी काकू धावत आल्या, याचंच तिला भरून आलं.

"बाल्कनीत ठेवलाय."

"या थंडीत?"

"घोंगडीत गुंडाळलाय की! घरात ठेवायचा म्हणजे निहारची धास्ती. चुकून पोराने हातबीत लावला तर?"

काकू मटकन सोफ्यावर बसल्या. "आणि आई म्हणते टाकून दे?"

"हो ना. पण टाकायचा तरी कुठे, काकू? कचरेवाले भैया घेणार नाहीत."

"असं बोलू नये गं. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. तुझे काका तर कित्येक वर्षं कच्चेच होते."

"मग काय केलंत?"

"काय करणार? घरातच होते. मुरले आपोआप."

पुन्हा बेल. दारात मृणालचा नवरा पुष्कर, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, आणि दुसऱ्या खांद्यावर काकूंच्या यजमानांचा, राजीवकाकांचा हात.

"मृणाल, मेट्रोच्या जिन्यातच पकडलं मला. काका म्हणतात, चलो यार, मन मोकळं कर. कसलं मन?"

काकूंनी एकदा पुष्करकडे पाहिलं, एकदा बाल्कनीकडे. "मग घोंगडीत कोण आहे?"

घोंगडी सोडली गेली. साबण सगळ्यांनी पाहिला. त्याच्याहून पांढरी मृणाल पडली होती, कारण तिने आता फोन उघडला होता.

"अगं, मग घट्ट होत नाहीये म्हण ना! जमत नाहीये काय?" काकू कडाडल्या.

"इथे हिंदीत सगळे तसंच म्हणतात काकू. दही जमतं, बर्फ जमतो…"

"आपल्यात दही लागतं. जमतं ते लग्न!"

"तेही आमचं बिल्कुल जमलंय, काकू," पुष्कर म्हणाला आणि बायकोकडे बघून हळूच, "ना?"

मृणालने ग्रुपवर खुलासा टाकला. तो 'आम्ही आहोत गं' आणि गुलाबाच्या फुलांखाली गाडला गेला. मग तोच प्रश्न तिने साबणाच्या ग्रुपवर टाकला, आणि तिथून मात्र उत्तर आलं: तेल थंडीने थिजलं आणि तुला वाटलं मिश्रण एकजीव झालं. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पुन्हा वितळव. निहारला काका घेऊन गेले. हातमोजे घालून नवराबायको आळीपाळीने पातेल्याशी उभे राहिले, आणि साबण खरोखरच एकजीव झाला.

दुसऱ्या दिवशी भक्तीचा मेसेज आला. ही कॅन्टोन्मेंटमधली, मंडळात नवीन. नवरा हिंदुराव फौजेत. 'ताई, आमचं पण तसंच आहे. वरून कडक. तुम्ही काय केलं?'

मृणालला हुरूप आला. तिने लिहिलं: 'घाई नको. आच मंद ठेव. सारखं ढवळत बसू नकोस. मग झाकून ठेव आणि दिवसभर ढुंकूनही बघू नकोस. एकजीव व्हायला वेळ लागतो गं.'

हळदीकुंकवाला भक्ती मोटारसायकलवरून उतरली. हिंदुराव मिशांसकट खालीच थांबले. वर येताच ती मृणालच्या कानाला लागली.

"जमलं बघा, ताई! तुम्ही सांगितलं तस्सं केलं. ढवळायचं बंद. दिवसभर ह्यांच्याकडं बघितलंच न्हाई. संध्याकाळी आपणहून च्या करून आणला, आन् बसून रडले. बदलीचं टेन्शन होतं म्हने. कुणाला सांगितलंच नव्हतं."

मृणालच्या हातातली साबणाची वडी हातातच राहिली. साबणासाठी अख्खं मंडळ तिच्या दारात धावलं होतं. आणि जिचं खरंच जमत नव्हतं, तिला तिने साबणाची कृती धाडली होती.

"पुढच्या वेळी फोन कर," ती कशीबशी म्हणाली. "नाही, थांब. मीच करत जाईन."

तेव्हा तुम्हीही जरा फोन उघडून बघा. 'आमचं पण तसंच आहे' एवढंच लिहून कुणीतरी गप्प बसली असेल. तिला आजच फोन लावा. साबणच निघाला, तर मंद आच सांगा.