लिऊशेटची फॅमिली

आमच्या हेंद्रेपाड्यातलं लिऊशेटचं मेडिकल रोज दुपारी तासभर बंद असतं. शटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे : "१ ते २ बंद. आई जेवते." तरीही कुणी शटर वाजवलंच, तर आतून शांतपणे उत्तर येतं, "फॅमिली टाइम हाय."

लिऊशेट चिनी. अगदी जन्माने. दहाव्या वर्षी काकाचं बोट धरून उल्हासनगरला आले; आई तिकडेच राहिली, ती पुन्हा दिसली नाही. काकाचा दातांचा दवाखाना होता आणि तो पुतण्याने चालवावा अशी त्याची इच्छा होती. पण पहिली दाढ उपटताना पेशंट खुर्चीत ठणठणीत आणि पुतण्या जमिनीवर आडवा! मग त्याला फार्मसीला घातलं. धंदा ते सिंधी दोस्तांकडून शिकले आणि मराठी चामटोली गावच्या बायकोकडून. नवं गिऱ्हाईक चेहरा बघून हातवारे करायला लागतं आणि समोरून "काय होतंय ते नीट सांग ना" ऐकून गडबडतं.

औषध मागितलं की त्यांचा पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" मी एकदा अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला गेलो आणि खरं ते सांगितलं, चहा-खारी. "ते खाणं नाय," म्हणत त्यांनी गोळी मुठीतच ठेवली, शेजारच्या गाडीवरून इडली मागवली आणि मी ती संपवेपर्यंत पहारा दिला. जळजळ थांबली. गोळीची पट्टी परत खणात गेली. हे दुकान चालतं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

बोलण्यात सारखी फॅमिली. फॅमिली वाट बघते, फॅमिलीला सुकट लागते, फॅमिलीला विचारून सांगतो. मी नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत दहा-बारा माणसं कोंबलेली असणार. निघालं एक. सासू. पंच्याऐंशीची, नऊवारीतली, तोंडाने फटकळ. मूलबाळ नाही, आणि बायको तीन वर्षांपूर्वी गेली. पाटीवरची आई ती हीच.

अख्ख्या पाड्याला दरडावणाऱ्या या माणसाला घरात मात्र काडीची किंमत नाही. दुकानातली गोळी विकायला ठेवलेली, तिने काय गुण येणार, असं म्हातारीचं ठाम मत. गोळी डॉक्टरनेच दिली पाहिजे. म्हणून दर सोमवारी लिऊशेट आपल्याच खणातल्या बीपीच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेतात, डॉक्टर त्या पुडीत बांधून परत देतात आणि मग त्या लागू पडतात. डॉक्टरांनीही आता हसणं सोडलंय.

गेल्या मे महिन्यात मी खोकल्याचं औषध आणायला गेलो तेव्हा एक वाजत आला होता. उपाशी आहे म्हटल्यावर मला घरातच ओढलं. आत चामटोलीहून मेहुणा आला होता. माणूस सरळ. म्हणाला, बहीण होती तोवर ठीक. आता आई जावयाकडे राहते म्हणून गाव मला तोंडावर विचारतं. तिला न्यायला आलोय. त्यात खोट काढावी असं काही नव्हतं.

आता लिऊशेट भडकणार, असं मला वाटलं. ते फक्त "बरोबर हाय" म्हणाले आणि आईची पिशवी भरायला लागले. लुगडी, चष्मा, पुड्या. मग दुकानातून कागद आणून लिहीत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

लिहिलेला कागद मेहुण्यापर्यंत पोचलाच नाही. म्हातारीने तो मधेच घेऊन माझ्या हातात दिला. "वाच रं."

मी वाचलं. सकाळी पांढरी गोळी, अर्ध्या भाकरीनंतर. भाकरी तांदळाची, कडा काढून. सुकट आठवड्यातून एकदाच, कितीही मागितली तरी. लाइट गेली की घाबरते, हाक मारत राहायचं. पुडीचं गुपित लिहिलेली ओळ मी गाळली. शेवटी होतं, "आई एकटी जेवत नाही. कोणीतरी समोर बसायचं."

म्हातारी लेकाकडे वळली.

"आन ह्यो कोनाच्या फुडं बसून जेवल?"

पिशवीचे बंद बांधता बांधता लिऊशेटचे हात थांबले. म्हातारीने पिशवी आपल्याकडे ओढली, लुगडी काढून एकेक करून परत दोरीवर टाकली आणि आलाच आहेस तर हातपाय धुऊन ये, असं लेकाला फर्मावलं. जावयाला चार ताटं घ्यायला सांगितली.

लिऊशेट आमच्याकडे पाठ करून ताटं पुसत उभे राहिले. बराच वेळ पुसत होते. ताटं कोरडीच होती.