मागच्या जहाजावर असं नव्हतं

बरोबर डबा घ्यायचा नाही, असं रमणलालशेठनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. डबा म्हणजे काय मोठं घबाड नव्हतं. मंगलाबाईंनी मेथीचे खाकरे, भाजलेले पापड आणि थोडा चिवडा एका पिशवीत भरला होता. पेठहून गाडी निघता निघता शेठनी ती पिशवी डिकीतून बाहेर काढली आणि दारात उभ्या असलेल्या सुनेच्या, खुशबूच्या हातात दिली.

“अगं, आपण क्रूझवर चाललोय. खाकऱ्याच्या पिशव्या घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील?”

“लोकांचं राहू द्या. माझा चौविहार आहे,” मंगलाबाई म्हणाल्या. म्हणजे एकदा सूर्य मावळला की सकाळपर्यंत त्यांच्या पोटात अन्न जात नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. कित्येक वर्षांचा नेम होता. “दिवस मावळायच्या आत मला जेवायला मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर रात्रभर उपाशी राहीन, आणि मग तुमचं काय होईल ते तुम्ही बघा.”

“मागच्या जहाजावर जैन काउंटर होतं. चांगलं दिवसाउजेडी गरम फुलके वाढायचे. माझी गॅरंटी!”

आता हे मागचं जहाज काय प्रकरण आहे ते तुम्हाला सांगायला हवं. (पेठमध्ये कुणाला सांगायला नको. तिथली जनावरंसुद्धा ते ऐकून आहेत.) शेठचं मोटारी, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान. दोन वर्षांपूर्वी एका पाइप कंपनीनं डीलर लोकांना जहाजानं फिरवून आणलं. बायकांना बोलावणं नव्हतं, त्यामुळे शेठ एकटेच गेले, आणि जे परत आले ते थेट कोलंबस होऊनच. दुकानात कुणी साधा फुटव्हॉल्व्ह मागितला तरी आधी जहाजाचे मजले ऐकावे लागत, मग व्हॉल्व्ह मिळे. घाईची माणसं मंचरला जाऊन खरेदी करायला लागली.

खोडदचा कुंडलिक मात्र घाईचा नव्हता. शेठचं जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना मित्र. यंदा टोमॅटोनं त्याला हात दिला, तेव्हा तो म्हणाला, “शेट, दोन वर्सं ऐकून कान किटले राव. आता एकदा दाखवाच तुमचं जहाज.” म्हणून कुंडलिक आणि त्याची बायको सरूबाईही बरोबर निघाले होते. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्रींची सफर.

बंदरावर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. सकाळी खाल्लेल्या दोन घासांवर मंगलाबाई तग धरून होत्या. शेठचं मात्र पोट भरलेलं होतं, कारण रांगेत उभं राहिल्यापासून ते तुलना करत होते.

“मागच्या जहाजावर आत शिरताच गार रुमाल द्यायचे. इथं नुसतं प्लास्टिकचं कार्ड?”

“मागच्या जहाजाचा जिना रुंद होता. दोन बैलगाड्या शेजारून गेल्या असत्या.”

“मागच्या खोलीची खिडकी बघायला पाहिजे होती तुम्ही. समुद्र सगळाच्या सगळा दिसायचा!”

“ह्या खिडकीतनं बी दिसतोय की,” सरूबाई म्हणाल्या. त्यांना सगळंच आवडलं होतं. गादी आवडली, नळ आवडला, आरशाभोवतीचे दिवे तर फारच आवडले. कुंडलिकाची तेवढी एका बाबतीत निराशा झाली. जहाजाच्या डोक्यावर गरागरा फिरणारी अँटेना त्यानं मान वाकडी करकरून पाहिली आणि म्हणाला, “ही लई बारकी हाये राव. आमच्या खोडदच्या बांधाला त्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना हायेत, त्यातल्या एकीत हे समदं बिऱ्हाड बसंल.”

“मागच्या जहाजावरची मोठी होती,” शेठ लगेच म्हणाले.

मंगलाबाईंनी एवढ्यात एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. “जेवण कुठे आहे?”

“नववा मजला, अगदी मागच्या टोकाला. डोळे मिटून नेतो.”

“कुणाला तरी विचारू या का?”

“विचारायला आपण काय पहिल्यांदा आलोय?” असं म्हणून शेठनी खिशातला मोबाइल काढला आणि ऐटीत एअरप्लेन मोडवर टाकला. “समुद्रात रोमिंग लागतं. हे नवीन माणसाला माहीत नसतं. मागच्या वेळी आमच्यातल्या एकाचं बिल बघून त्याला चक्कर आली होती.”

लिफ्टशेजारी पाट्यांचा एक मोठा फळा होता. सरूबाई तो वाचायला थांबल्या, तर शेठ म्हणाले, “वहिनी, पाट्या नवख्यांसाठी असतात,” आणि त्यांनी सगळ्यांना लिफ्टमध्ये कोंबलं.

नवव्या मजल्याच्या मागच्या टोकाला काचेचं दार होतं. ते उघडून शेठ आत शिरले, तर समोर चड्ड्या घातलेली माणसं पट्ट्यांवर घाम गाळत पळत होती. फुलक्याचा पत्ता नव्हता.

“शेट, ही माणसं कवाधरनं पळत्यात,” कुंडलिक जरा वेळानं म्हणाला, “पर जागेवरच हायेत.”

“मागच्या जहाजावर इथं जैन काउंटर होतं,” शेठ म्हणाले. सूर अजून ठाम होता, पण कपाळावर घाम आला होता. (व्यायाम न करता.) “यांनी हलवलेलं दिसतंय. एक मजला वर असेल.”

एक मजला वर पोरं पाण्यात डुंबत होती. त्याच्या खालच्या कुठल्याशा मजल्यावर एका बाईनं हसून शेठचे पाय चोळायची तयारी दाखवली. मंगलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं, आणि शेठ तिथून जे निघाले ते थेट जिन्यातच थांबले. एवढ्यात भोंगा वाजला. संकटाच्या वेळी काय करायचं याची तालीम होती म्हणे, आणि ती प्रत्येकाला सक्तीची होती. सगळ्यांना केशरी जाकिटं चढवून रांगेत उभं केलं. खरं संकट पश्चिमेला खाली खाली सरकत होतं, त्याबद्दल कुणी काही बोलेना.

“मागच्या जहाजावर ही जाकिटं नवी कोरी होती,” शेठ पुटपुटले.

तालीम संपली तेव्हा मंगलाबाईंनी सरळ वरच्या डेकवरची एक खुर्ची धरली. “माझे पाय गेले. मी आणि सरूबाई इथं बसतो. तुम्ही शोधा, आणि सापडलं की न्यायला या.”

आता शेठना खरोखरच घाबरायला झालं होतं. बायको चिडते हे ठीक आहे, संसारात ते चालायचंच. पण आपल्या शब्दावर विसंबून तिनं डबा मागे ठेवला आणि ती रात्रभर उपाशी राहणार, हे त्यांना आतून लागलं. तिला साखरेचा त्रास. आपल्या फुशारकीपायी तिला काही झालं तर? ते कुंडलिकाला ओढत मजल्यामागून मजले पालथे घालायला लागले. एक दारूचं दुकान झालं, एक नाचाचा हॉल झाला, एके ठिकाणी तर थेट बोटीच्या भटारखान्यात शिरले आणि तिथल्या आचाऱ्यानं हाकलून दिलं.

“शेट, त्या पांढऱ्या कपड्यातल्या पोराला इचारू का?”

“नको! एवढं काय, मला माहितीये!”

सूर्याची कोर पाण्याला टेकली तेव्हा शेठच्या नजरेला सरबताच्या दुकानावरची केळी पडली. घडच्या घड उचलून ते धावत सुटले. मागून दुकानदार ओरडत होता, आणि त्याच्या मागून कुंडलिक ओरडत होता, “शेट, थांबा! ती पिलास्टिकची हायेत! शोभेची!” पण शेठ थांबायच्या पलीकडे गेले होते.

ते डेकवर पोचले आणि सूर्य बुडाला. समोर मंगलाबाई खुर्चीत शांत बसल्या होत्या. रागाची ही पायरी शेठनी लग्नानंतर एकदोनदाच पाहिली होती. हातातला प्लास्टिकचा घड खाली ठेवून त्यांनी सगळ्या डेकदेखत हात जोडले.

“मंगला, चुकलो. माझ्यामुळे तू उपाशी राहिलीस.”

“अहो, ऐका तरी...”

“काही बोलू नकोस! तू उपाशी तर मीही उपाशी. हे बघ, मी पच्चक्खाण घेतो. आता उद्या सकाळी सूर्य वर येऊन नवकारसी होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. तुझ्यासारखा चौविहार!”

एवढी वर्षं शेठनी चौविहार उद्यावर ढकलला होता, हे सगळ्या समाजाला ठाऊक होतं. आज त्यांचे डोळे भरून आले होते. मंगलाबाईंनीही हात जोडले, मान खाली घातली, आणि शेठ पच्चक्खाणाचे, म्हणजे व्रताच्या संकल्पाचे, शब्द चुकत होते तिथे हळूच सांगून ते नीट पुरे करून घेतले. भोवतीच्या चारदोन लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मंगलाबाईंनी पदर सावरला.

“मी जेवले,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चांगलं पोटभर. मूगडाळ, दोडक्याची भाजी, फुलके.”

“आन् मी खीर बी,” सरूबाई म्हणाल्या. “लई ग्वाड व्हती. तुमी गेलात तशी आमी त्या झाडलोट करणाऱ्या पोरीला इचारलं. तिनं हाताला धरून नेलं. आपल्या खोल्यांच्याच मजल्यावर हाये ते जैन काउंटर, चार दारं सोडून. मोठी पाटी हाये बघा मराठीत.”

“मग मला फोन का नाही केलात?”

“लावून लावून बोटं दुखली. तुमचा बंदच.”

शेठ मटकन खुर्चीत बसले. “अगं पण मी पच्चक्खाण घेत होतो, तेव्हा तरी अडवायचंस!”

“अरे वा! कुणी धर्माचं करत असताना आडवं यायचं? अंतराय लागतो. ते पाप मी कशाला घेऊ?”

शेठ उठून खोलीकडे चालू लागले. गळ्याला कोरड पडली होती, ती तशीच राहिली. खोलीतला फ्रिज तेवढा मागच्या जहाजावरच्यापेक्षा मोठा निघाला. त्यात पाण्याच्या गार बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. कुंडलिक जेवून आला आणि मैत्रीला जागून त्यानं सगळं सांगितलं. रबडी होती, गरम जिलेबी होती, पावभाजी तर तव्यावरून थेट ताटात. “तुमी सांगत व्हता ते समदं खरं हाये बघा, शेट. उगाच मी शंका घेत व्हतो.”

पाणी तरी घोटभर प्यावं, कोण बघतंय, असा विचार शेठच्या मनात येऊन गेला. (माणूसच आहे.) पण तेवढ्यात मंगलाबाईंचा मोबाइल वाजायला लागला आणि थांबेचना. किनाऱ्याची रेंज अजून होती. त्यांनी खुशबूला बातमी कळवली होती, खुशबूनं ती समाजाच्या ग्रुपवर टाकली होती, आणि पेठपासून नारायणगावापर्यंत झाडून सगळ्यांचे कौतुकाचे निरोप येत होते. रमणलालजींच्या तपाची खूप खूप अनुमोदना. क्रूझवर राहूनसुद्धा चौविहार, धन्य आहे. एकानं तर तिन्ही रात्रींची अनुमोदना आधीच करून टाकली होती.

“तिन्ही रात्री?” शेठ कसेबसे म्हणाले. “मी आजचंच बोललो होतो.”

“आता एवढ्या लोकांना खोटं कसं पाडायचं?” मंगलाबाईंनी एकेकाला आभाराचे हात जोडलेले चित्र पाठवलं, चष्मा काढला आणि उशीला टेकल्या. बऱ्याच वर्षांत त्या इतक्या खुशीत दिसल्या नव्हत्या.

“बाकी काहीही म्हणा,” त्या म्हणाल्या, “मी सांगून थकले, व्याख्यानात महाराजसाहेब सांगून थकले, पण जमलं नाही ते यानं पहिल्याच दिवशी करून दाखवलं. मागच्यापेक्षा हे जहाज खरंच चांगलं आहे हो.”