क्रूसचा नवस

"गाणारा माणूस मागितला होता, बाई. तू मुका आणलास?" मुकादम अनिसेतो ओरडला.

"मुका नाही हो, नवस आहे त्याचा," क्रूसची आई म्हणाली. "आपुरे नदी येईपर्यंत तोंड उघडणार नाही, असं मेरीमातेला बोललाय. नदीवर गाईल. काकाकडूनच शिकलाय."

काका कसला, बाप होता; पण नेपोमुसेनोला मुलगा नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून क्रूस त्याचा पुतण्या झाला. नेपोमुसेनो घोड्यावरून गात पुढे निघाला की आठशे गुरं मागून निमूट चालत. पावसाळ्यात तो तापाने गेला. त्याचा करडा घोडा मालकाचा होता. घरातल्या पुरुषाने बापाची जागा चालवली तरच घोडा घरात राहणार, असा त्या माळरानाचा रिवाज. घरात पुरुष नव्हता. म्हणून क्रूसने वेणी कापली आणि बापाची विजार चढवली. नाव बदलावं लागलं नाही. क्रूस बाईचंही असतं, पुरुषाचंही. आवाज मात्र बदलेना, म्हणून नवस. नदीत उतरल्यावर कळलं तर कळलं; गुरं मधोमध पोहत असताना कोण कुणाला परत पाठवणार?

नदीपर्यंत गायचं काम फाब्रिसिओवर आलं. तो इतका बेसूर गायचा, की गुरं त्याच्यापासून लांब जायचं म्हणूनच चालत असावीत.

पहिल्याच दुपारी जाडा देमेत्रिओ घोडा शेजारी घेऊन आला. "तू बोलत नाहीस ते बरंय गड्या. तुला म्हणून सांगतो, मला पोहता येत नाही. दर वर्षी डोळे मिटून गाईचं शेपूट धरतो."

क्रूसने गंभीरपणे मान हलवली. तिथेच चुकलं. मान हलवणारा आणि उलट न बोलणारा माणूस त्या टोळीत आजवर आला नव्हता. फाब्रिसिओने सांगितलं, की प्रेयसीला पाठवलेली कवनं आपली आजी रचून देते. तिसऱ्या दिवशी तर तिच्या शेजारी घोडा घालायला भांडणं लागली. शेवटी मुकादमाने सगळ्यांना हाकललं आणि स्वतः आला.

"कपाळावरची ही खूण बघतोस? सगळ्यांना वाटतं, लढाईत भाला लागला." त्याने मागे पाहून घेतलं. "बायकोने पळी मारली रे. आणि लढाईत मी झाडावर होतो. एखाद्या बाईच्या कानावर गेलं ना, तर जीव देईन."

क्रूसने मान हलवली.

पाचव्या दिवशी नदी आली. फाब्रिसिओ गायला. पुढच्या बैलाने त्याच्याकडे पाठ केली. मागची गुरं रेटत होती, पुढची वळत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर कळप उधळला असता.

"क्रूस! गा आता!"

बापाला पुरल्यापासून ती गायली नव्हती. घोडा छातीभर पाण्यात घातला, तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घोड्याने कान मागे केले. तो वाट पाहत होता. मग तिने बापाची ती लांब हाक दिली, तशीच, शेवटी किंचित खाली उतरणारी. म्हाताऱ्या पांढऱ्या गाईने मान वर केली आणि सरळ पाण्यात उतरली. मागून आठशे.

पैलतीरावर सगळे ओलेचिंब उभे राहिले. देमेत्रिओच्या हातात अजून शेपूट होतं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

तिथे गुरं मोजून घ्यायला थांबलेला मालकाचा कारकून धावत आला. "बाईचा आवाज आला मला! कोण गात होती?"

मुकादमाचा हात कपाळाकडे गेला. "बाई? कुठली बाई?"

"आमच्यात बाई कुठून येणार?" देमेत्रिओ म्हणाला.

"सर्दी झालीय त्याला," फाब्रिसिओ म्हणाला. "पक्का पुरुष आहे. मी शपथ घेतो."

"मग त्यालाच विचारतो. काय रे, नवस फिटला ना तुझा? बोल की!"

क्रूसने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि खोल श्वास घेतला. तिघांचे चेहरे पांढरेफटक पडले.

"थांब, थांब!" मुकादम मधे घुसला आणि तिच्या कानाशी वाकला. "बाळ, नवस आणखी एखादं वर्ष वाढवता येईल का गं... का रे?"

क्रूसने घोड्याकडे बोट दाखवलं.

"तुझाच! तुझाच! कारकून, लिहा, घोडा क्रूसच्या घरी राहील."

क्रूसने गंभीरपणे मान हलवली.